खालची जागा

शेवटच्या रांगेतल्या खुर्चीवर चौकड्याचा रुमाल आधीच पडलेला दिसला आणि पाळक शांतवन भालेराव यांच्या नम्रतेला सकाळीच धक्का बसला.

रुमाल पिंगळीच्या पाळक याकोब खरातांचा होता. एसटीत टाकतात तसा त्यांनी तो खिडकीतून टाकला होता आणि आता बाहेर उभं राहून ते निवांत चहा पीत होते.

उजेडवाट मंडळी संघाची वार्षिक सभा यंदा ताडकळसला, म्हणजे भालेरावांच्याच चर्चमध्ये होती. संघाचा जिल्हा अधीक्षक आज ठरणार होता. इच्छुक दोघंच, भालेराव आणि खरात. ठरवणारे बिशपसाहेब एकटे, आणि त्यांची रीत सगळ्यांना तोंडपाठ. व्यासपीठावर आले की ते आधी शेवटच्या रांगेकडं बघत, तिथं बसलेल्याला वर बोलावत, शेजारच्या खुर्चीत बसवत आणि पद जाहीर करत. पंगतीत जो खालची जागा धरतो तोच वर जातो, असं त्यांचं म्हणणं. त्यामुळं संघातल्या पुढाऱ्यांना पुढं बसायची सवयच राहिली नव्हती.

मंडपवाल्यानं खुर्च्या कमी आणल्या होत्या. शेवटच्या रांगेत दोनच उरल्या. एकीवर रुमाल. दुसरीवर चांगुणाबाई, मंडळीतली सगळ्यांत जुनी म्हातारी, पदरानं वारा घेत बसलेली.

“आजी, तुमी पुढं बसा,” भालेराव वाकून म्हणाले. “पुढं कूलर हाय. तुमचा मान हाय.”

“मान नको बाबा. कूलरनं गुडघे धरतेत माझे.”

“मला ही जागा पायजे होती.”

“कशाला?”

भालेरावांनी आजूबाजूला पाहिलं. “जरा लहानपण घ्यावं म्हणतो.”

“मग त्याला खुर्ची कशाला लागती?” चांगुणाबाई म्हणाल्या. “भुई हायच की.”

हे भालेरावांना सुचलं नव्हतं. खुर्चीपेक्षा फरशी खाली असते ही गोष्ट तशी उघड होती, पण इतक्या वर्षांत संघात कुणाच्याच ती ध्यानात आली नव्हती. ते रांगेच्या मागं, कडक इस्त्रीच्या पांढऱ्या पँटीसकट, फरशीवर मांडी घालून बसले.

चहा संपवून खरात आत आले. स्वतःच्या खुर्चीकडं गेले आणि थबकले. तिच्यावर बसलं असतं तर ते भालेरावांपेक्षा दीड हात उंच दिसणार होते.

“पाळकसाहेब, हे काय? खाली?”

“आपली लायकी एवढीच हो.”

“मग आमची काय लय जास्त हाय का?” खरातांनी रुमाल उचलून खिशात घातला आणि ते भालेरावांच्याही मागं, थेट दाराच्या उंबऱ्यावर जाऊन बसले.

भालेरावांनी थोडा वेळ विचार केला. मग ते उठले, खरातांना ओलांडून बाहेर गेले आणि पायऱ्यांच्या खाली, जिथं सगळ्या सभेच्या चपला पडल्या होत्या, तिथं टेकले. मे महिन्याचं ऊन होतं. फरसबंदी तव्यासारखी तापलेली.

“उंबरा राहू द्या तुमाला,” ते तिथून म्हणाले. “मी धुळीतला माणूस.”

खरातही उठले. चपलांची एक रास पायानं सरकवून त्यांनी भालेरावांना लागूनच जागा केली. त्याहून खाली जायला आता काही उरलं नव्हतं.

बिशपसाहेबांची गाडी मागच्या बाजूला थांबली. ते बाजूच्या दारानं थेट व्यासपीठावर गेले. बाहेर दोघांना भोंग्यातून फक्त आवाज येत होता. प्रार्थना झाली. गीत झालं. मग बिशपसाहेब म्हणाले, “शेवटच्या रांगेत एकच जण बसलेलं दिसतंय.”

भालेराव अर्धे उठले. खरात पूर्ण उठले.

“आजी, वर या.”

टाळ्या वाजल्या. दोघं खाली बसले. आता आत जावं, तर नम्रता अर्ध्यात सोडल्यासारखं दिसणार होतं.

चांगुणाबाईंना वर चढवायला वेळ लागला. मानाच्या खुर्चीत त्यांना बसवलं आणि त्यांच्यापुढं माईक धरला.

“साहेब,” भोंग्यातून त्यांचा आवाज आला, “आमचे अन् पिंगळीचे पाळक बाहेर उन्हात बसलेत. हितून दारातून दिसायलेत.”

“बाहेर? काय करतायत?”

“चपला राखायलेत.”

“दोघंही?”

“दोघं बी. लय चपला हायेत साहेब, एकट्याला उरकल्या नसत्या.”

सभेत कुणीतरी हसलं आणि लगेच खोकलं. भालेरावांनी भोंग्याकडं मान वर केली. खरातांनी डोळे मिटले.

“मग अधीक्षकाचं पुढच्या वर्षी बघू,” बिशपसाहेब शांतपणे म्हणाले. “एवढी चांगली सेवा चालली आहे, ती आज मोडायला नको. त्यांना कुणी उठवू नका.”

आत दुसरं गीत सुरू झालं. देवगाव फाट्याहून उशिरा आलेली एक बाई काखेतलं लेकरू सावरत पायऱ्यांपाशी थांबली. तिनं पायातल्या चपला काढल्या, इकडंतिकडं पाहिलं आणि त्या दोघांच्या पुढं ठेवल्या.

“दादा, नव्या हायेत,” ती म्हणाली. “तेवढं ध्यान ठिवा.”

भालेरावांनी हात पुढं केला. पण तोवर खरातांनी जोड उचलून आपल्या मांडीवर घेतला होता.