भावनाचा फोटो

ते २०२२ साल. उरणला रेल्वे अजून यायची होती आणि उरणजवळच्या मोरा बंदरातली मासळी टेम्पोनं पनवेलला यायची. त्या वर्षी गणपतीच्या आधी कल्पेश आणि भावनाचा काडीमोड झाला. कोर्टानं कल्पेशला पोटगी लावली. दिवाळी तोंडावर आली तेव्हा अपिलाची मुदत संपत आली होती.

पनवेलच्या उरण नाक्याच्या मासळी बाजारात भावना पाटी मांडून बसली होती आणि समोरच्या नारळाच्या हातगाडीआड कल्पेश मोबाइल धरून उभा होता. जन्मभर त्यानं मासे धरले, पण या बाजारात कधी आत पाऊल टाकलं नव्हतं. मोऱ्याचा पुरुष धक्क्यापर्यंत. पुढं सगळं बाईचं.

शेजारी उलट्या क्रेटवर त्याची आई गंगाबाई बसली होती. गुडघे धरले होते, जीभ मात्र शाबूत होती.

"काढ ना रं फोटो. दोनी अंगांनी खाते बया. कोर्टाकडून पन, पाटीतून पन."

आदल्या दिवशी नव्या वकील, चारुता मॅडम, यांनी कागद चाळून चष्मा काढला होता.

"जज्जसाहेबांनी तुम्हाला विचारलं, पत्नी काही काम करते का. तुम्ही नाही म्हणालात. तिनंही नाहीच सांगितलं. खरं काय?"

"तेच खरा हाय, मॅडम. काम कसला? मासली इकते, बस."

"कुणाची?"

"आमचीच."

"अजूनही? घटस्फोटानंतर?"

"मंग कोन इकंल?"

मॅडमनी चष्मा परत लावला. मग म्हणाल्या, "विकताना तिचा एक फोटो आणा. मासळी तुमची आहे हे शपथेवर लिहून द्या. पोटगी टिकायची नाही."

काडीमोडाच्या दुसऱ्याच दिवशी भावना नेहमीसारखी धक्क्यावर आली होती. पाटी भरून घेतली आणि टेम्पोत चढली. कुणी कुणाला काही विचारलं नाही. आपला वाटा ठेवून बाकीचे पैसे ती टेम्पोवाल्या बाळूच्या हाती पाठवायची. तेव्हापासून तसंच चाललं होतं.

"आय," कल्पेश हळूच म्हणाला, "तिनं आपला माल इकाया सोडला तर? तू बसशील?"

गंगाबाईनं गुडघ्यावरून हात फिरवला.

समोर भावनाच्या पाटीतलं पापलेट एक नोकरदार बाई दाबून पाहत होती. "बर्फातलं दिसतंय."

"बर्फातला?" भावना म्हणाली. "आमच्या बोटीचा माल हाय, ताई. सकाली धक्क्याला लागलाय. डोले बघा त्याचं, माझ्यापरीस चकचकीत हायत."

बाई हसली. दोन पापलेटं घेऊन गेली.

कल्पेशनं मोबाइल वर धरला. भावनाची नजर वळली ती सरळ त्याच्यावरच. ती दचकली नाही.

"वकिलाला दाखवायचा ना? मंग थांब." तिनं पापलेटं मागं सारली, स्वस्तातले बोंबील पुढं ओढले. "आता काढ. नायतर जज म्हनंल, याची बोट सोन्याची हाय, पोटगी वाढवा."

शेजारच्या कोळणी खिदळल्या. कल्पेशचा हात तसाच राहिला.

"काढ की," ती म्हणाली. आता आवाजात थट्टा नव्हती. "पन उद्याची पाटी कोनाला देशील ते आजच सांग. मला दुसरी बोट बघाया बरा."

तो गाडीआडून पुढं आला. पायाखाली पाणी होतं.

"जज्जानं इचारला तवा सांगितला का नायस?"

"काय?"

"इकतेस ते."

"ते काय काम हाय?" भावनानं विचारलं. तिला खरंच कळलं नव्हतं.

कल्पेशनं मोबाइल खिशात टाकला.

ती त्याच्या खांद्यावरून पलीकडे पाहत म्हणाली, "आय, गुडघं कसं हायत?"

गंगाबाई नारळांकडे बघत म्हणाली, "हायत तिथंच हायत."

बाजाराबाहेर येऊन कल्पेशनं फोन लावला. "मॅडम, फोटो नाय निघाला."

"का? आज आली नव्हती का ती?"

"आली होती."

मुदत गेली. कल्पेश पोटगी भरत राहिला, मासळीचे पैसे येत राहिले. मासळीच्या पैशातूनच पोटगी वळती कर म्हणून त्याला बऱ्याच जणांनी सुचवलं. त्यानं ते केलं नाही. का, तेही सांगितलं नाही.

चारुता मॅडम अजून पनवेललाच वकिली करतात. पक्षकाराला त्या आता 'बायको काम करते का' असं विचारत नाहीत, 'दिवसभर काय करते' असं विचारतात. बाळूनं टेम्पो विकला आणि तो कळंबोलीच्या लोखंड बाजारात ट्रकवर लागला. लोखंडाला वास नसतो, एवढंच तो म्हणतो. उरणला रेल्वे आली त्या वर्षी भावनानं करंजा बंदरावरच्या एका माणसाशी लग्न केलं. त्याची स्वतःची बोट आहे. त्याबरोबर पोटगीही बंद झाली. कल्पेशनं दुसरं लग्न केलं नाही. तो दर्यावर जातो.

उरण नाक्याला भावनाच्या जागी आता गंगाबाई बसते, प्लास्टिकच्या खुर्चीवर. सुरुवातीला जुनी गिऱ्हाइकं थबकायची आणि विचारायची, इथली ती ताई कुठे गेली?

गंगाबाई कोयती न थांबवता सांगायची, "दिल्या घरी गेली. सुखात हाय."