आईचा एकच शब्द

प्राध्यापकाच्या घरी मित्रांचा खेळ रंगला होता. आय-सी-ई या अक्षरांनी संपणारे इंग्रजी शब्द सांगायचे. ऑफिस झालं, पोलीस झालं. चहा घेऊन आलेली त्याची आई हरखून म्हणाली, “नाइस!” तिला येणारा तेवढाच इंग्रजी शब्द. येईल त्या पाहुण्याला कौतुकानं म्हणायची.

“आई, पूर्वी त्याचा अर्थ ‘अडाणी’ असा होता बरं का,” प्राध्यापक म्हणाला. “शोभतो तुला!”

सगळे खो खो हसले. तीही हसली आणि ट्रेमधला एकेक कप पाहुण्यांच्या हाती देत गेली.

पुढच्या आठवड्यात त्याचं शब्दांच्या जुन्या अर्थांवरचं पुस्तक छापून आलं. आईनं मुखपृष्ठावरून हात फिरवला. “छान झालंय हो.”

“आणि तुझं ते ‘नाइस’ कुठं गेलं?”

“छे रे! पोटच्या पोराला कुणी अडाणी म्हणतं का?”