सतरा नंबरची किल्ली

"या दाराला सुरुंग लावला तर आतली चांदी विखुरेल का, एवढंच सांगा." परागनं फोटो टेबलावर सरकवला.

विष्णुपंतांनी चष्मा लावला नाही. "मला काय मालूम. पन्नास वर्षं झाली."

"एकावन्न. बोट त्रेचाळीसला बुडाली. खजिन्याच्या पहाऱ्यावरचे तुम्ही एकटेच वाचलात."

परागची कंपनी अर्धी विलायती होती. दीड मैल खोल कॅमेरा सोडून तिनं लढाईतली बोट शोधली होती. परवानाही झटपट मिळाला होता. देश आता सगळ्यांना खुला होता, समुद्राच्या तळासकट.

माधवनगरातल्या त्या खोलीच्या कोपऱ्यात देवघर होतं. विष्णुपंत तिकडे बघायचं टाळत होते. कुळाच्या टाकांशेजारी, लाल कापडावर, एक लोखंडी किल्ली होती. अष्टगंध लावलेली. त्याच बोटीवर असलेल्या थोरल्या भावाचं, वसंताचं, प्रेत मिळालं नाही, म्हणून त्याची बायको, विजयावहिनी, त्या किल्लीचीच पूजा करत आल्या होत्या. सर्वपित्रीला त्या किल्लीला नदीवर, रामघाटावर नेऊन आंघोळ घालायच्या. बुडताना दादानं किल्ली आपल्या हातात दिली आणि उडी मारली, हे विष्णुपंतांनीच त्यांना सांगितलं होतं.

"फोटो बॅगेत ठेवा. वहिनी चाय आणतायत."

"हा दुसरा बघा फक्त. बोटीची कूस फाटलीय, त्या बारीक भेगेतून कॅमेरा खजिन्याच्या खोलीत गेला. दाराशी, आतल्या अंगाला, बूट आहेत. दोन. टोकं दाराकडे." पराग थांबला. "आत कुणाला कोंडलं होतं का, साहेब?"

"ठेवा म्हणतो ना."

उशीर झाला होता. विजयावहिनींनी ट्रे टेबलावर ठेवला. विष्णुपंतांच्या बोटांखालून पहिला फोटो ओढून घेतला. बंद दार, भलंमोठं कुलूप, कुलपावर कोरलेला आकडा.

"सतरा," त्या म्हणाल्या. रोज किल्ली पुसताना तिच्यावरचा हाच आकडा त्यांच्या अंगठ्याला पाठ झाला होता. "कुलूप कुठल्या बाजूला आहे?"

"बाहेरच्या," पराग म्हणाला.

"भाऊजी, ह्यांनी उडी मारली म्हणालात."

विष्णुपंतांची नजर कपबशीवर होती. "हुकूम होता, वहिनी. धमाका झाला की खजिन्याला कुलूप लावायचं. आत कोण आहे ते विचारायचं नाही."

"विचारायची गरजच नव्हती. तुम्हाला माहीत होतं."

"दादा आतून दार ठोकत होता," विष्णुपंत म्हणाले. आवाज एवढा बारीक की परागला पुढे वाकावं लागलं.

"आणि एकावन्न वर्षं माझ्याकडून हिला गंध लावून घेतलंत. तोही हुकूमच होता?"

चहावर साय धरली.

विजयावहिनी देवघराकडे गेल्या. नमस्कार केला नाही. किल्ली उचलली, पदरानं गंध घासून काढलं आणि ती परागपुढे ठेवली.

"सुरुंग लावायचा नाही. दार हिनं उघडा."

पराग गडबडला. "आजी, खाली माणूस जात नाही, मशीन जातं. आणि ते कुलूप केव्हाचं गंजलं असेल."

"ही नाही गंजली," विजयावहिनी म्हणाल्या. त्या परागकडे बघत नव्हत्या. "रोज तेल लावलंय मी."