मागच्या दारची फरशी

निम्मी फरशी बसली होती आणि पाऊस पुन्हा लागला.

"बाबा, उद्या करू," ताडपत्रीचा कोपरा धरून उभी असलेली लेक म्हणाली. मग जवळ येऊन तेच मोठ्याने म्हणाली.

"उद्या उद्या करत तीस वर्षं गेली," मिस्त्री म्हणाले. "संध्याकाळी तुझी आई मावशीकडून येईल. तिच्या पायाला चिखल लागता कामा नये."

खोटं नव्हतं ते. मिस्त्रींनी जन्मभर लोकांच्या बागांतून फरश्या बसवल्या, आणि यांच्या मागच्या दारी बायको चिखल तुडवत कपडे वाळत घालत होती. दिव्याखाली अंधार, दुसरं काय. सांगून सांगून तिचं तोंड दुखलं, शेवटी तिने नाद सोडला. आता हात थरथरायला लागले, तेव्हा यांना जाग आली.

हाताचं एक वेळ चालतं. घोर होता तो कानांचा. दगड कापायच्या मशीनने ते पार खाल्ले होते, आणि फरशीचं निम्मं काम कानाचंच. थापीच्या दांड्याने ठोकलं की खाली सिमेंटचा माल नीट भरलेली फरशी जड, बसका आवाज देते. हवा राहिली असेल तर खणखणते. अशी पोकळ फरशी आज ना उद्या तडकायचीच.

पूर्वी हे ठोकून बघणं बायकोकडे असायचं. वीस वर्षं ती त्यांच्याबरोबर कामावर होती. माल कालवायची, घमेली उचलायची, आणि काम संपलं की दांडा घेऊन एकेक फरशी वाजवत जायची. एका डॉक्टरांच्या बागेत तर तिने मालकाच्या देखत सहा फरश्या काढायला लावल्या होत्या. मिस्त्री दोन दिवस तिच्याशी बोलले नाहीत. पण काय दिवस होते ते. ती कान देऊन ऐकायची आणि हे शाळेतल्या पोरासारखे तिच्या तोंडाकडे बघत उभे राहायचे. त्या उभं राहण्याची मिस्त्रींना आता फार आठवण यायची.

शेवटची फरशी बसली. मिस्त्रींनी ठोकून पाहिलं. हाताला हादरा कळला, कानाला काहीच नाही. लेकीला विचारण्यात अर्थ नव्हता. तिला बाबांचं सगळंच छान वाटायचं.

मान वर केली तर दारात बायको उभी. ठरल्यापेक्षा तासभर आधीच आली होती. तिने नव्या फरशीकडे पाहिलं, डोळे पुसले आणि मेल्या पावसाला नावं ठेवली. मग छत्री मिटली, उलटी धरली, आणि कडेच्या फळीवरून पुढे सरकत छत्रीच्या मुठीने पहिली फरशी ठोकली.

फरशी पोकळ निघेल याची भीती मिस्त्रींना नव्हती. म्हाताऱ्याची दया येऊन ती नुसतंच 'छान झालंय' म्हणाली, तर मात्र आपण संपलो, असं त्यांना वाटलं.

दुसरी, तिसरी, चौथी. कोपऱ्यातल्या फरशीपाशी ती थांबली. पुन्हा ठोकलं. आता लेकीलाही कळलं. बाबांच्या पाठीमागून ती आईला हाताने खुणावू लागली, राहू दे, राहू दे.

"मिस्त्री," बायको ओरडून म्हणाली, "ही पोकळ आहे. काढा."

मिस्त्रींचा चेहरा असा उजळला की लेक बघतच राहिली. गुडघे टेकून त्यांनी थापीचं टोक फरशीखाली घातलंसुद्धा.

"अगं आई, एवढ्या पावसात?" लेक हळूच म्हणाली. "बाबांना कुठे ऐकू येतंय ते."

बायकोने चपला काढल्या आणि मालाचं घमेलं पुढे ओढलं.

"मला येतंय ना," ती म्हणाली.