आतून जोर

कोठीच्या खोलीचं दार सुतारानं स्वतःच बसवलं होतं, मुंगीलाही फट सापडू नये असं. आज तो त्याच दाराआड अडकला होता.

खिळ्यांचा डबा शोधायला तो आत शिरला आणि पाच वर्षांच्या ठमीनं गंमत म्हणून बाहेरून कडी सरकवली. खळखळून हसली. मग उघडायला गेली, तर कडी हलेना.

घरात तिसरं कुणी नव्हतं. बायको कामावरून संध्याकाळी येणार, फोन ओट्यावर, आणि फोनशेजारी शेगडीवर दूध तापत ठेवलेलं. आत डोळ्यांत बोट घातलं तरी दिसणार नाही असा काळोख. सुताराचा जीव टांगणीला लागला.

“ठमे, गॅसजवळ जायचं नाही हं! कडी ओढ बघू.”

“मला नाही जमत.”

“अगं, जमेल.”

“नाही जमत. तूच तर रोज म्हणतोस, सोड, तुला नाही जमायचं.”

बुटाची नाडी, दप्तराचा चाप, डब्याचं झाकण. ठमीची बोटं पोचायच्या आत त्याचा हात तिथं हजर असायचा. एकुलती एक लेक, तळहाताच्या फोडासारखी जपलेली.

“चुकलंच माझं,” तो म्हणाला. “पुन्हा ओढ. मी आतून जोर लावतो.”

त्यानं दाराला खांदा भिडवला. बाहेर कडी करकरली, थांबली. पुन्हा करकरली. मग मुसमुसणं ऐकू आलं. त्यानं आणखी जोर लावला.

मुसमुसणं थांबलं.

“बाबा, तू ढकलू नकोस ना! तू ढकललंस की कडी जास्तच अडकते.”

उभा जन्म दारं बसवण्यात गेला, आणि एवढी साधी गोष्ट त्याच्या ध्यानात आली नव्हती.

तो मागे सरला. हात काखेत दाबून धरले, नाहीतर ते ऐकले नसते. कडी जराशी सरकली. अडली. ठमीनं नाक ओढलं, काहीतरी पुटपुटली. कडी पुन्हा सरकली. तिकडे दूध उतू गेल्याचा चर्र आवाज आला.

खट्.

तो दाराकडे झेपावला.

“थांब!” बाहेरून दटावणी आली. “दारपण मीच उघडणार.”

करपलेल्या दुधाचा वास आत येत होता. सुतारानं हात पुन्हा काखेत घातले आणि काळोखात उभा राहिला.