भंगार ऑर्केस्ट्रा, रिठद

नळाचं गाणं ऐन रंगात आलं आणि नानाजी पाटील खुर्चीतून उठले.

गाणं त्यांच्याच नळावर होतं. सरपंच म्हणून त्यांनी दुष्काळात चावडीसमोर नळ बसवला, नारळ फोडला, नळाला हार घातला. पाणी तेवढं यायचं राहिलं. देवमननं लगेच गाणं जोडलं :

नळ आला गावात, हार घाला त्याले,
पानी मांगू नका, लाज येते त्याले.

शाळेच्या पटांगणात मांडी घालून बसलेलं सगळं रिठद हसून बेजार झालं होतं. रिठदचा भंगार ऑर्केस्ट्रा म्हणजे काही ऐरागैरा नव्हता. देवमनच्या मांडीवर बुलबुल तरंग, त्याच्या निम्म्या कळा मुक्या. इंद्रभानपुढं गोडेतेलाचा रिकामा डबा. देवमनची बहीण बेबीताई पितळी झाकण्या वाजवायची आणि गाण्याचा दुसरा आवाज धरायची. रेशनवर मिळणाऱ्या लाल मिलो ज्वारीवर, एसटीच्या कंडक्टरवर, खडी फोडायच्या कामावर, सगळ्यांवर यांची गाणी. रिसोडच्या बाजारात लोक भाजी घ्यायची विसरून ऐकत उभे राहायचे. शहरातल्या ऑर्केस्ट्रावाल्यांनी यावं आणि एकदा बघावं.

एक माणूस मात्र हसत नव्हता. देवमनचे वडील शेषराव पटांगणाच्या कडेला, कडुनिंबाखाली उभे होते. एकेकाळी गावातल्या प्रत्येक वरातीपुढं डफडं वाजवत त्यांनाच चालावं लागायचं. धम्म घेतला त्या वर्षी त्यांनी ते डफडं फोडलं, चुलीत घातलं आणि पुन्हा कशालाही हात लावला नाही. पोरगा वाजवायला लागला तेव्हा ते एवढंच म्हणाले होते, "मी सोडलं ते तू धरलं." त्यानंतर त्यांनी घरात देवमनशी बोलणंच टाकलं. गाव कितीही वाहवा करो, देवमनचा जीव त्या एका माणसात अडकलेला होता.

नानाजी चिडले असते तर बरं झालं असतं. ते हसले.

"मस्त वाजवून राह्यले रे पोरंहो. पुढच्या हप्त्यात आमच्या पोराचं लगन हाये. वरातीपुढं तुमीच वाजवा. माह्या वरातीपुढं बी, देवमन, तुह्या बापानंच वाजवलं होतं."

निम्मी वस्ती नानाजींच्या वावरात कामाला जायची. इंद्रभानचा हात डब्यावरच राहिला. बेबीताईनं कडुनिंबाकडं पाहिलं. देवमनची मान काही तिकडं वळेना.

"वाजवू ना, नानाजी," तो म्हणाला.

कडुनिंबाखालचा माणूस पाठ फिरवून घराकडं निघाला.

"पन आमच्या ऑर्केस्ट्राची रीत हाये," देवमन पुढं म्हणाला. आता त्याचा आवाज पटांगणाच्या टोकापर्यंत जात होता. "आमी चालत नाई वाजवत. आमी बसून वाजवतो, आयकनारे समोर बसते. तुमी वरात इथं आना. नवरदेवाले घोड्यावरून उतरवा, आमच्या समोर बसवा. नळाचं गानं त्याच्यासाठी पह्यलं म्हनू."

बायांच्या घोळक्यात चंपाबाईला हसू आवरलं नाही. ती फिसकन हसली आणि मग कोणाचंच कोणाला आवरेना. नानाजींचा पुतण्यासुद्धा तोंडावर रुमाल धरून मान खाली घालून बसला.

नानाजींनी धोतराचा सोगा झटकला. "पेरनी माह्याच वावरात हाये, ध्यानात ठेवा."

"ठेवतो ना," बेबीताई म्हणाली. "पेरनीवर बी गानं हाये आमचं."

ते तरातरा निघून गेले. त्यांची खुर्ची तेवढी मागं राहिली. पटांगणात खुर्ची ती एकच, हेडमास्तरांच्या खोलीतून खास त्यांच्यासाठी आणलेली.

शेषराव वाटेतच थांबले होते. ते वळले आणि गर्दीतून पुढं यायला लागले. लोकांनी पाय आखडून वाट दिली. आता हा म्हातारा पोराच्या कानाखाली वाजवतो की काय, असंच सगळ्यांना वाटलं. देवमन बुलबुल तरंग बाजूला ठेवून उभा राहायला लागला.

"बस," शेषराव म्हणाले. "तू कायले उठतं?"

त्यांनी खांद्यावरचा दुपट्टा काढला, खुर्ची पुसली. आधी कडेला टेकले. मग मागं सरकून, पाठ टेकवून नीट बसले.

"पह्यल्यापासून म्हन, देवमन. जिंदगीभर मी गानं उभ्यानंच आयकलं."