कोंबडा की चेअरमन

सुदेश परुळेकरांनी टेबलावर हात आपटला, तेव्हा माडबन कॉलनीच्या सभेला आलेली माणसं चहा प्यायची थांबली.

"एक तर तो कोंबडा या कॉलनीत राहील, नाहीतर मी," चेअरमन म्हणाले.

समोरच बसलेल्या यशोदाबाईंनी चटकन जमिनीला हात लावून तो कपाळाला लावला. "असा बोला नकात, सुदेशभाऊ."

परुळेकरांना ते नाटक वाटलं. शेजारीण म्हणून त्यांनी या बाईला काय कमी सोसलं होतं? कुंपणावर सुकत घातलेले बांगडे सोसले, फाटकात ओतलेलं मासे धुतलेलं पाणी सोसलं. पण हा कोंबडा म्हणजे कहर होता. पहाटे, काळोख असतानाच, तो नेमका परुळेकरांच्या बेडरूमच्या खिडकीखाली येऊन बांग द्यायचा. एकदा देऊन गप्प बसेल तर शपथ.

आणि झोप ही काही चैन नव्हती. गेल्या वर्षी छातीत कळ येऊन परुळेकर गोव्याच्या इस्पितळात पडले, ते अगदी जाता जाता परत आले होते. डॉक्टरांनी बजावलं होतं, शांत झोप आणि डोक्याला त्रास नको. असल्या माणसाच्या उशाशी कोंबडा ठेवणं म्हणजे त्याचा जीव घेणंच की. हे त्यांनी सभेत तीनदा सांगितलं. लोकांनी माना डोलावल्या, कारण तक्रारी सगळ्यांच्याच होत्या, फक्त भांडायला परुळेकर होते. कचरा, कुत्री, वाकड्यातिकड्या लावलेल्या गाड्या, सगळं त्यांनीच निस्तरायचं. कॉलनीच्या हद्दीवर किंजळीच्या झाडाखाली एक जुना दगड होता, त्यावर कोणाची गाडी आपटू नये म्हणून काळेपिवळे पट्टेसुद्धा त्यांनीच मारून घेतले होते. त्याबद्दल आभार कोण मानतो? उलट गावातली चार म्हातारी माणसं नाराज झाली.

"विकून टाका ना तो," कोणीतरी सुचवलं.

यशोदाबाईंनी मान हलवली. "माझो असतो तर इकलो असतंय. तो माझो नाय."

"मग कोणाचा?" परुळेकर कडाडले.

"ता आता सांगूचा नसता." बाईंनी पदराने तोंड पुसलं. "फकत बुधवार होवंदे. मगे तुमका त्याचो आवाज येवचो नाय."

ही चालढकल परुळेकर पुरती ओळखून होते. सरकारी नोकरीत त्यांनी आयुष्यभर हेच ऐकलं होतं. मंगळवार संध्याकाळपर्यंत कोंबडा हलवायचा, नाहीतर सोसायटी तो ताब्यात घेईल, असा ठराव झाला. हात सगळ्यांचे वर गेले. एकच हात मांडीवर राहिला, तो परुळेकरांच्या बायकोचा, नम्रताचा.

घरी आल्यावर त्यांनी तिला फैलावर घेतलं. चारचौघांत नवऱ्याची शोभा करायची? आणि रोज उरलेला भात त्या कोंबड्याला कोण घालतं, हे काय त्यांना दिसत नव्हतं? शत्रूला पोसणारी माणसं घरातच असली तर बाहेरच्यांना काय बोलायचं?

नम्रताने अंथरूण घातलं. मग म्हणाली, "अहो, त्या कोंबड्याचं..." आणि थांबली. "दोन दिवसांचा तर प्रश्न आहे. जरा कळ काढा."

"कळच काढली होती गेल्या वर्षी," परुळेकर म्हणाले आणि कूस बदलून झोपले.

बुधवारी पहाटे कोंबडा पुन्हा ओरडला. त्या दिवशी तर त्याला जास्तच चेव आला होता. परुळेकर संतापून उठून बसले. ठराव म्हणजे काय पोरखेळ? चेअरमन म्हणजे काय बुजगावणं?

सकाळी यशोदाबाई आणि नम्रता दोघी मिळून कुठेतरी बाहेर पडल्या. कुठे, हे नम्रताने सांगितलं नाही आणि यांनी फुगून विचारलं नाही. रिक्षा वळणाआड गेली तसे परुळेकर शेजारच्या खुराड्यापाशी गेले. मूठभर भात दाखवताच कोंबडा विश्वासाने जवळ आला. तांबडाभडक, चांगला वजनदार होता. त्याचे पाय बांधून, स्कूटरच्या हँडलला पिशवी अडकवून ते बाजारात गेले आणि चिकनवाल्याकडून तो साफ करून घेऊन आले.

सोडून का दिला नाही, विकला का नाही? मनात राग होता म्हणून, दुसरं काय. डॉक्टरांनी मटण बंद केलं होतं, कोंबडीला हरकत नव्हती. नम्रताने करून ठेवलेलं खोबऱ्याचं वाटप फ्रिजमध्ये होतं. परुळेकरांनी स्वतः रस्सा केला आणि एकट्याने पोटभर जेवले. कोंबडा जून होता, पण चवीला झकास लागला. मग ते वर्षभरात झोपले नव्हते असे झोपले.

संध्याकाळी जाग आली ती किंजळीकडून येणाऱ्या आवाजाने. खिडकीतून पाहिलं तर काळ्यापिवळ्या दगडापुढे विडा मांडलेला, नारळ ठेवलेला, आणि गावातले म्हातारे नाना गावकर हात जोडून उभे. शेजारी यशोदाबाई, बाहेरून थेट तिथेच आलेल्या, हातात पिशवी घेऊन. सोसायटीच्या सामायिक जागेत, चेअरमनला न विचारता देवकार्य! परुळेकर चपला अडकवून तरातरा निघाले. नम्रता यशोदाबाईंच्या घराच्या दिशेने लगबगीने जाताना दिसली, पण तिच्याकडे त्यांनी पाहिलंही नाही.

ते पोचले तेव्हा देवाला गाऱ्हाणं घालणं सुरू झालं होतं. मध्येच कसं तोडायचं, म्हणून ते नानांच्या मागे दात ओठ खात उभे राहिले.

"बा राखणदारा म्हाराजा," नाना दगडाला सांगत होते, "गेल्या साली ह्या सुदेशाचो जीव जाता काय रवता असा झाला, तेवा ह्या यशोदेन त्याच्या नावान तुका नवसाचो कोंबडो बोललो. जिवाच्या बदल्यात जीव. फेडल्याबिगर त्याका सांगूचा नाय म्हणान तिना वरीसभर त्याच्याकडे तोंड उघडला नाय. तू सुदेशाक राखलंस, म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," यशोदाबाई डोळे मिटून म्हणाल्या.

"आता तुझा तुका देतंव." नानांनी न वळताच मागे हात पसरला. "हाडा तो कोंबडो."